डी.फार्म.वरून थेट बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला? थोडं थांबा

नागपुरातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'दोन वर्षांचं डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) झालं असेल तर नवीन धोरणानुसार बायोलॉजीच्या बीएस्सीला थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश.' हे खरं नाही.

गोंधळ कुठे झाला ते कळतं. दोन खऱ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात. डी.फार्म.वाल्यांना थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला प्रवेश मिळतो, पण तो बी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या पदवीला. फार्मसी कौन्सिलच्या नियमावलीतच तसं लिहिलंय. आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणातला दोन वर्षांचा 'डिप्लोमा' म्हणजे सुरू असलेल्या पदवीतून मध्येच बाहेर पडणाऱ्याला मिळणारं प्रमाणपत्र. नावात डिप्लोमा आहे, एवढंच काय ते साम्य.

अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघा. डी.फार्म.मध्ये अ‍ॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजी आहे. पण शेवाळं, बुरशी, प्राण्यांचं वर्गीकरण, कांद्याच्या मुळाचं टोक चिरडून मायटोसिसच्या (पेशीविभाजनाच्या) अवस्था शोधण्याचं प्रॅक्टिकल? ते बीएस्सीवाल्यांनी पहिल्या दोन वर्षांत केलेलं असतं.

बायोलॉजीच करायची असेल तर बारावी सायन्सच्या मार्कशीटवर पहिल्या वर्षाला अर्ज करा. डी.फार्म. वाया जात नाही. रजिस्ट्रेशन करून फार्मासिस्ट म्हणून काम करता येतंच. 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका, आधी कॉलेजच्या ऑफिसात लेखी विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.