धावणं बंद झालं म्हणून पायाला विश्रांती मिळतेच असं नाही

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचं मायलेज, म्हणजे आठवड्याला धावायचं अंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात झपाट्यानं चढतं आणि नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या माऱ्यानं हाडाला पडलेली बारीक भेग, हीही बरेचदा त्याच सुमारास डोकं वर काढतं. नेमकी तेव्हाच दिवाळीची सुट्टी येते. मग घरातून सूर निघतो, "नाहीतरी आता पळायचं नाहीये, चला, कोकणात जाऊन येऊ."

जरूर जा. रविवारी पहाटे चारला उठणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी वर्षभर शनिवारच्या हळदी, रात्रीची जेवणं, नाटकं सोडलेली असतात. ही सुट्टी त्यांच्या हक्काची आहे. फक्त ती दुखऱ्या पायाला विचारून आखा. फिरायला गेलं की दिवसाला बारा-पंधरा हजार पावलं कधी होतात ते कळतही नाही. पंधरा हजार पावलं म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. धावण्याइतका मार त्यात नसतो हे खरं, पण भेग भरत असलेल्या हाडाला तेवढंही जास्त होतं. सहलीहून आल्यावर "धावलो तर नाही, मग दुखणं वाढलं कसं?" असं विचारणाऱ्यांचं उत्तर बहुतेक वेळा फोनमधल्या पावलांच्या आकड्यात सापडतं.

निघण्याआधी निदान पक्कं हवं. नडगीच्या आतल्या कडेला वितभर पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे भेग नसलेलं, ताणामुळे आलेलं दुखणं. एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी दाबल्यावर कळ येत असेल, तर हाडाचा संशय धरायचा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" हा सहलीचा परवाना समजू नका. एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. नडगीची आतली-मागची बाजू असेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत हाड भरून येतं. पण नडगीची पुढची धार, पावलाच्या कमानीवरचं नॅव्हिक्युलर हाड किंवा मांडीच्या हाडाची मान यांत भेग असेल, तर प्रकरण वेगळं. जांघेत दुखणाऱ्या धावपटूनं तर डॉक्टरांनी होकार देईपर्यंत सहलीचं नावही काढू नये. ती भेग वाढून हाड पुरतं मोडू शकतं.

साध्या भेगेतही पहिले तीन आठवडे घरीच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेला, पाऊल आणि नडगी घट्ट धरून ठेवणारा आधाराचा बूट घालून चालताना दुखत नसेल तर निघा आणि डॉक्टरांकडून दिवसाच्या पावलांचा आकडा मागून घ्या. "जपून चाला" म्हणजे किती, ते कुणालाच कळत नाही. तीन हजार म्हटलं की घरातल्या शाळकरी मुलालाही मोजता येतं.

गाडी कुणी चालवायची हे आधीच ठरवा. उजवा पाय दुखावला असेल तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, कारण ब्रेक त्याच पायाखाली असतो. डावा असेल तर क्लचची गाडी नको. ऑटोमॅटिकबद्दल डॉक्टरांना विचारा. मागच्या सीटवर आडवं पसरून, पट्टा न लावता जाऊ नका आणि पाय डॅशबोर्डवरही ठेवू नका, एअरबॅग उघडली तर पायाचा चुरा होईल. पुढची सीट मागे सरकवा, पायाखाली छोटी बॅग घ्या आणि दर दीड-दोन तासांनी थांबा. बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवत राहा. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली किंवा दम लागला, तर मुक्कामाची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची लागेल, फोनवरच सांगून ठेवा. कोकणातल्या घरांना जांभ्याच्या पायऱ्या असतात, कडा झिजलेल्या, पावसाळा सरता सरता शेवाळलेल्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एक हात कठड्याला, आणि बुटाचा पूर्ण तळवा पायरीवर मावत नसेल तर आडवं होऊन उतरा. बुटामुळे तो पाय दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो, म्हणून दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट हवा. साधी चप्पल घातली की चार दिवसांत कंबर बोलायला लागते.

देवळात बूट काढावा लागतो, हे निघताना कुणाच्या लक्षातच येत नाही. गणपतीपुळ्याची डोंगराभोवतीची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटर, तीही अनवाणी. यंदा ती घरच्यांनी करावी, तुम्ही बाहेरून हात जोडा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कातळातून खाली समुद्राकडे उतरते, ती तर साफ नको. जंजिऱ्याला होडीतून चढ-उतार करावी लागते आणि होडी लाटेवर हलत असते. तेही पुढच्या वर्षी. त्यापेक्षा दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडीसकट चढा. काच खाली केली की खाडी समोर असते आणि पावलं शून्य! रत्नागिरीत थिबा राजवाड्यापर्यंत गाडी जाते.

वाळूचं मात्र ऐका. मऊ वाळूत पाऊल रुततं, पोटरीला आणि नडगीला जास्त ओढ बसते. शिवाय वाळू बुटाच्या अस्तरात शिरते, घामानं चिकटते आणि दोन दिवसांत कातडी सोलून काढते. सुक्या मोज्यांचे चार जोड आणि एक जास्तीचं अस्तर बरोबर ठेवा.

आता घरच्यांना एक सांगायचंय. धावपटू घरातली आई किंवा सून असेल, तर "आता सकाळी मोकळी असतेस ना" म्हणून फराळाचं तिच्याकडे देऊ नका. ओट्यापाशी चार तास उभं राहून चकल्या तळणं हाही पायावरचा भारच आहे. दुसऱ्या कुणी तरी कढईपाशी उभं राहावं आणि तिनं टेबलाशी बसून करंज्या भराव्यात.

आणि धावपटूंनो, वजन वाढेल या धास्तीनं जेवण तोडू नका. पुरेसं न खाता पळणं हे या दुखण्याचं एक मोठं कारण आहे. हाड भरायला ऊर्जा लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मासे खात असाल तर काट्यासकट चावून खाता येणारी मांदेली घ्या, कॅल्शियम काट्यातच असतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. चिडचिड होणार, झोप बिघडणार. रोजचं धावणं सुटलेल्या माणसाचं तसं होतंच. ते घरच्यांपाशी बोलून टाका, नाहीतर त्यांना वाटतं की सहलच आवडली नाही. तलावात पोहण्याला किंवा कमरेला तरंगवणारा पट्टा बांधून खोल पाण्यात पळण्याला डॉक्टरांची हरकत नसेल, तर पहाटेची तेवढी पाऊण तासाची वेळ घरच्यांनीही राखून द्यावी.

सहलीच्या शेवटच्या दिवशी, ओहोटीला, किनारा कडक आणि ओला असतो आणि पाय शिवशिवतात. तिथे पळू नका. तो किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून एका पायावर सतत जास्त भार येतो. घरी परतल्यावर, डॉक्टरांनी बूट काढल्यानंतर, सलग पाच दिवस अर्धा तास भरभर चालून बघा. चालताना, रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बोटभर जागेवर दाबूनही दुखलं नाही, तर एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा. एक दिवसाआड, सपाट मातीच्या मैदानावर.