दाढ ठणकू लागल्यास करावयाचे उपाय

दाढ ठणकू लागली की सुज्ञ पुणेकराने एकाच दंतवैद्यावर विसंबून राहू नये. कोथरूडमध्ये नुसते अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक मिळेल, त्याच दाढेला सदाशिव पेठेत मेट्रोनिडॅझोल या दुसऱ्या अँटिबायोटिकची जोड मिळेल, आणि औंधपर्यंत जाण्याची तयारी असेल तर ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडॅझोल ही अँटिबायोटिकांची जोडगोळी, सूज उतरवण्यासाठी सेराटिओपेप्टिडेज व या सर्वांनी पित्त होऊ नये म्हणून पॅन्टोप्राझोल अशी साग्रसंगीत चिठ्ठी हाती पडेल. चिठ्ठी जितकी लांब तितका डॉक्टर हुशार, हे आपण जाणताच.

एखाद्याने एक्स-रे पाहून ‘नस सुजली आहे, रूट कॅनल करू, तोवर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल पुरे’ असे म्हटले, तर तेथून तत्काळ उठावे. तो कदाचित असेही समजावील, की सुजलेल्या नसेचा रक्तपुरवठाच आटत असल्याने रक्तावाटे जाणारे अँटिबायोटिक तिथवर पोहोचत नाही, आणि दातावरच उपचार होणार असतील तर अशा दुखण्याला ते देऊ नये, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्येच सांगितले आहे. अमेरिकेतल्या लोकांना सवड असेल. आपल्याला शनिवारी लग्नाला जायचे आहे. शिवाय बाहेर बाकावर माणसे ताटकळत असताना रूट कॅनलला पाऊण तास लागतो आणि चिठ्ठीला पाऊण मिनिट, हेही डॉक्टरांच्या बाजूने पाहावे.

आजोबांना नेत असाल तर ते रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेतात, हे सांगण्याची घाई करू नये. मेट्रोनिडॅझोलने तिचा परिणाम वाढतो, म्हणून डॉक्टर उगाच हात आखडता घेतात.

अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांनी २००७ मध्ये, हृदयाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दात काढण्यापूर्वी द्यायचे प्रतिबंधक अँटिबायोटिक कृत्रिम झडप बसवलेल्यांसारख्या मोजक्याच रुग्णांना द्यावे असे ठरवले. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये त्यांनाही ते नको म्हटले. या वादाचा तुमच्या दाढेशी काडीचा संबंध नाही, परंतु ‘तज्ज्ञांतच एकमत नाही’ हे वाक्य औषधाच्या दुकानात फार उपयोगी पडते.

तेथे पाच दिवसांच्या कोर्सपैकी दीड दिवसाच्याच गोळ्या मागाव्यात. दुकानदार पट्टीवर कात्री चालवील आणि औषधाचे नाव व एक्सपायरीची तारीख पुढच्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या तुकड्यावर जाईल. पट्टीवरची उभी लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये ही सूचना, तुमच्याकडे आली तरी बिघडत नाही. पाट्या लिहिण्यात हयात गेलेल्या शहराने दुसऱ्याची पाटी वाचावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. उरलेल्या गोळ्या फ्रिजच्या दारात ठेवाव्यात. वहिनींचीही एक दाढ किडलेली आहे.

पुढे कधी गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र पू काढावा लागतो आणि अँटिबायोटिकही खरोखरच लागते. फक्त तोवर जंतूंची त्याच्याशी चांगली घसट झालेली असू शकते. अशा वेळी ‘आधी कोणती गोळी घेतली होती?’ असे डॉक्टरांनी विचारल्यास ‘पांढरी’ असे ठामपणे सांगावे.