परदेशातून : एकशे तीस डॉलरचा सुपरमॅन

दिवाळी अंकांच्या जुन्या चित्रकारांचा विषय निघाला आणि त्यांची मूळ चित्रं छापखान्यातून परत आलीच नाहीत हे कुणी सांगितलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "अमेरिकेत असते तर बंगले बांधले असते!" मुंबई-पुण्यात हे म्हटलं जातं, इथे अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या पंगतीतही म्हटलं जातं. पुरावा म्हणून सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅनच्या सिनेमांची कमाई पुढे केली जाते. कॉमिक्सच्या बाबतीत तरी हे धादांत खोटं आहे.

१ मार्च १९३८ या तारखेचा एक चेक आहे. रक्कम ४१२ डॉलर, जेरी सीगल आणि जो शूस्टर या सुपरमॅन घडवणाऱ्या क्लीव्हलंडच्या दोन पोरांच्या नावे. त्यातले १३० डॉलर सुपरमॅनचे. पानं तेरा, पानाला दहा डॉलर, आणि त्या दहा डॉलरांत पात्राचे सगळे हक्कही गेले. चेकवर दोघांच्याही नावांचं स्पेलिंग चुकलेलं, म्हणून पाठीमागे आधी चुकलेल्या नावाने आणि मग खऱ्या नावाने सह्या कराव्या लागल्या. सुपरमॅनची पहिली गोष्ट असलेला, जून १९३८ ही तारीख छापलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १० सेंटला विकला गेला. त्याची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरला गेली. तो चेकसुद्धा २०१२ साली १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. मधल्या काळात दोघांनी कोर्टाची पायरी चढली, १९४८मध्ये तडजोड झाली आणि अंकावरून त्यांची नावंच उडवली गेली. शूस्टरची नजर अधू झाली, सीगल एका सरकारी कचेरीत कारकुनी करू लागला. सुपरमॅनवर मोठा सिनेमा निघतोय हे कळल्यावर १९७५ साली सीगलने वर्तमानपत्रांना खरमरीत पत्रक पाठवलं. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे वर्षाला २० हजार डॉलरचं निवृत्तिवेतन ठरलं आणि नावं परत आली.

बॅटमॅनचं तर विचारूच नका. चित्रकार बॉब केनने करारात 'निर्माता' म्हणून फक्त स्वतःचं नाव राहील अशी सोय करून घेतली होती. मुखवटा, पंखांसारखा झगा, करडा पोशाख आणि गॉथम हे शहराचं नाव ज्याच्या डोक्यातून आलं, तो लेखक बिल फिंगर १९७४ साली वारला. निर्माता म्हणून त्याचं नाव यायला २०१५ उजाडलं.

थोडक्यात, या देशात कदर चाळीस-पाऊणशे वर्षं उशिरा आली, आणि तीही मालकांच्या मनात आली म्हणून आली नाही. ती कशी आली हे समजायला एक पान जवळून बघायला हवं.

१९६७पर्यंतचं मार्व्हल या कॉमिक्स कंपनीचं मूळ पान घ्या. जाड ब्रिस्टल बोर्डावर चित्राची चौकट साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंच, म्हणजे छापील पानाच्या दुप्पट. निम्म्यावर आणलं की हाताचा थरथराट आणि शाईची फाटलेली कड छपाईत दिसेनाशी होते. पुढे हे माप दहा बाय पंधरावर आलं. बोर्ड वाचला, पण मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याच्या गर्दीच्या चौकटी कोंदटल्या, असं माझं मत आहे. पेन्सिल एकाची, फुग्यांतली अक्षरं दुसऱ्याची, शाई तिसऱ्याची. शाई करणाऱ्याला पानामागे पैसे, म्हणजे जितकी पानं तितकी कमाई. म्हणून 'थॉर'मध्ये व्हिन्स कॉलेटाने कर्बीच्या पार्श्वभूमीतली माणसं सरळ खोडून टाकली किंवा काळी सावली करून टाकली. शाई करण्याआधीच्या पेन्सिलचित्रांच्या प्रती उरल्या आहेत, त्या शेजारी ठेवल्या की कोण गायब झालं ते मोजता येतं.

आता त्या पानाचा समास बघा. मार्व्हलचा संपादक-लेखक स्टॅन ली आणि चित्रकार यांच्यात कथेवर तोंडी बोलणं होई, कधी तेवढंही नाही. चित्रकार पूर्ण वीस पानं चौकटींत मांडून आणी, आणि प्रत्येक चौकटीत काय चाललंय ते समासात पेन्सिलीने लिहून ठेवी. त्यावरून ली संवाद लिही. 'फँटॅस्टिक फोर'च्या ४८व्या अंकात (मार्च १९६६) ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो. त्याच्या पुढे लाटेवर स्वार झाल्यासारखा फळीवरून उडत येणारा चंदेरी दूत कर्बीने परस्पर घातला होता. लीला तो पानं हातात आल्यावर दिसला, आणि हे लीनेच पुढे सांगितलं. म्हणजे कथा कुणाची, या वादात समासातली ती पुसट पेन्सिल हा साक्षीदार आहे. छापील अंकात समास नसतो. मूळ पान हरवलं की साक्षीदारही गेला.

स्पायडरमॅनचा चित्रकार स्टीव्ह डिट्को त्याच पद्धतीत कामाला, पण माणूस हट्टी. त्याने भांडून १९६५पासून कथानकाचं श्रेय छापायला लावलं. 'अमेझिंग स्पायडरमॅन' ३३ (फेब्रुवारी १९६६) उघडा. नायक लोखंडी यंत्राखाली चिरडलेला, वरून पाणी गळतंय. चौकटी पानागणिक मोठ्या होत जातात, आणि यंत्र उचललं जातं तेव्हा अख्खं पान एका चित्राला दिलेलं आहे. वजन दाखवायला संवादांची गरजच उरत नाही.

रंगांचा कारभार आणखी बेभरवशाचा. पिवळा, लाल, निळा या प्रत्येकाच्या २५, ५० आणि १०० टक्के अशा तीन छटा, अधिक कोरा कागद. चाराचा घन केला की चौसष्ट, एवढेच रंग. मारी सेव्हरिनसारखे रंगकार छोट्या प्रतीवर जलरंग लावत आणि शेजारी खुणा लिहीत. गोऱ्या त्वचेला 'वाय-२, आर-२', म्हणजे पिवळा २५ आणि लाल २५ टक्के. त्या खुणांवरून कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला बहुतेक बायकाच असलेली मंडळी प्रत्येक छटेचा वेगळा पारदर्शक पत्रा हाताने भरत. छपाई इलिनॉयमधल्या स्पार्टाला, सगळ्यात स्वस्त कागदावर. करडा रंग तिन्ही रंगांचे ठिपके मिसळून करायचा, त्यात एकाची शाई कमी-जास्त झाली की तो कधी हिरवट, कधी जवळपास काळा. हल्क पहिल्या अंकात (मे १९६२) करडाच होता. पानोपानी त्याचा रंग बदलायला लागला म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. लोक त्यात गहन अर्थ शोधतात, पण कारण शाईचं होतं.

ही हजारो मूळ पानं कंपनीकडे पडून होती. ऐंशीच्या दशकात इतर चित्रकारांना आपापली पानं एका छोट्या कागदावर सही करून परत मिळाली. कर्बीपुढे मात्र चार पानी करार ठेवला आणि त्याने काढलेल्या आठ-दहा हजारांपैकी ८८ पानं देऊ केली. चाहत्यांनी आणि सहकारी चित्रकारांनी गदारोळ केला, सह्यांची निवेदनं निघाली, तेव्हा १९८७ साली दोनेक हजार पानं आली. बाकीची कुठे गेली, ते लिलावांतून कळत राहतं. त्याउलट स्पायडरमॅनच्या पहिल्या गोष्टीची डिट्कोची पानं, पूर्ण अंकाची २४च्या २४, कुणी तरी २००८ साली नाव न सांगता लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली.

तर मुद्दा असा की हा गदारोळ करणाऱ्यांजवळ कुठलं चित्र कुणाचं याचा हिशोब होता. कार्ल बार्क्सने १९४२पासून डोनाल्ड डकच्या गोष्टी काढल्या, अंकल स्क्रूज जन्माला घातला, पण अंकात नाव फक्त डिस्नेचं. वाचक पोरांनी रेषेवरून त्याला ओळखलं होतं. नाव ठाऊक नाही म्हणून ते त्याला 'चांगला बदकवाला' म्हणत, आणि पत्रं लिहून लिहून त्यांनी १९६०च्या सुमारास त्याला शोधून काढलं. जेरी बेल्स या प्राध्यापकाने कुठल्या अंकात कुणाची पेन्सिल, कुणाची शाई याच्या याद्या वर्षानुवर्षं केल्या. आणि इथल्या ग्रंथालयांनी तर मायक्रोफिल्म काढून चित्रपट्ट्या छापलेल्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली रद्दीत काढल्या होत्या! बिल ब्लॅकबिअर्ड या संग्राहकाने १९६७ साली त्या मिळवण्यासाठी एक संस्था काढली, कारण ग्रंथालयं खासगी माणसाला द्यायला तयार नव्हती. १९९८ साली तो संग्रह सहा ट्रेलरमधून, सुमारे ७५ टन, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कार्टून ग्रंथालयात गेला. आज तिथे अर्ज भरला की मूळ पान टेबलावर आणून देतात.

आता आपल्याकडे वळू. गोव्यात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल हे कर्बीहून वर्षभराने मोठे. कर्बी दुसऱ्याच्या मालकीची पानं भरत होता, तेव्हा दलाल स्वतःची 'दीपावली' चालवत होते आणि मुखपृष्ठावर त्यांची सही ठळक असे. रघुवीर मुळगावकरांचंही तेच, त्यांच्या नावावर अंक खपत. अमेरिकेत तशी मालकी स्वतःकडे ठेवणारा चित्रकार विल आयस्नर हा अपवाद होता. आपला दिवाळी अंक आजही श्रेयनामावलीत मुखपृष्ठ, सजावट, अक्षरजुळणी सगळ्यांची नावं छापतो. शिवाय आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम सांगतं की हक्क विकले तरी नावाचा हक्क आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. अमेरिकी कायदा नियतकालिकातल्या चित्राला असं संरक्षण देत नाही. सीगल-शूस्टरच्या हाती असं कलम असतं तर! म्हणजे परंपरा आपली बरी, कायदाही आपला बरा. उणीव याद्यांची आणि कागदाची.

उदाहरणार्थ इंद्रजाल कॉमिक्स. मार्च १९६४ ते १९९० एवढी वर्षं ते चाललं, आणि मराठीतल्या कित्येकांचा वेताळ (मूळचा फँटम) तिथलाच. वेताळाचा जनक ली फॉक याची वर्तमानपत्री पट्टी कापून पानात बसवताना चौकटी छाटल्या गेल्या, वेताळाच्या 'बंगाली' या देशाचं डेंकाली झालं. चित्रकारांपैकी कुठली गोष्ट रे मूरची, कुठली विल्सन मॅकॉयची, कुठली साय बॅरीची, हे वाचकाला सांगितलं गेलं नाही. मराठी आवृत्तीचे अनुवादक कोण, अक्षरलेखन कुणाचं, हे आत्ता विचारलं तर सांगणारे कदाचित भेटतील. दहा वर्षांनी नाही.

आणि हे अंक आपण हौसेनेच मारले. दहा-बारा अंक एकत्र करून बाइंडरकडे दिले, त्याने तिन्ही कडा कापून सरळ केल्या, मणक्याजवळ भोकं पाडून दोरा ओवला. समास गेला, आतली चौकट शिवणीत गेली. असे गठ्ठे उकलू नका, उघडतील तेवढेच उघडून सहाशे डीपीआयवर स्कॅन करा. सुटे अंक असतील तर प्रत्येकाला वेगळी पॉलिएस्टरची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ पीव्हीसीची फाइल नको, ती शाई ओढून घेते. पॉलिप्रॉपिलीन चालेल, पण पाच-सात वर्षांनी बदलायचं. अंक उभे ठेवायचे, घट्ट कोंबायचे नाहीत आणि सैलही नाही, नाहीतर मणका वाकतो. माळा सगळ्यात वाईट, उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. लोखंडी ट्रंक थंड भिंतीला टेकली की आत घाम धरते. कोकणपट्टीत पहिली जाते ती पिन. गंज कागदात उतरायच्या आधी तिचे पाय पातळ पात्याने मागून उचलून सरळ करायचे आणि हळू काढायची, ओढायची नाही. मग त्याच भोकांतून सुती दोरा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कधीच नाही, पट्टीचा गोंद दहा वर्षांत तपकिरी होऊन आरपार जातो.

घरात एखाद्या चित्रकाराचं मूळ चित्र असेल तर आधी त्याच्या मागची बाजू स्कॅन करा. छापखान्याचा शिक्का, माप, तारीख, मानधनाचा आकडा बहुधा तिथेच असतो. आणि नाव लिहून ठेवायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.