जोतीराव ‘कमिशनर’ होते म्हणजे कोण होते?

11 एप्रिलला, जोतीराव फुले यांच्या जयंतीच्या सकाळी, माझ्या मामांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर पाठवला. तो यापूर्वीही दोनतीन ठिकाणांहून माझ्याकडे आला होता आणि मी तो न वाचता पुसून टाकला होता. या वेळी मात्र संध्याकाळी भाचीच्या वहीत तोच मजकूर महाविद्यालयातल्या भाषणासाठी उतरवलेला दिसला, आणि गप्प बसणे अशक्य झाले.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: जोतीराव हे पुण्यात इंग्रजांचे पगारी ‘कमिशनर’ होते, लोकांनी त्यांना कधी निवडून दिले नाही, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतखर्चाला त्यांनी विरोध केल्याची गोष्ट, तारीख जुळत नसल्याने, बनावट असून नगरपालिकेत असताना त्यांनी सरकारविरुद्ध अवाक्षर काढले नाही, खुर्चीच्या जोरावर त्यांनी ठेके मिळवले, आणि काम म्हणाल तर पुण्यात एक मंडई बांधली, म्हणून तिला त्यांचे नाव आहे.

‘कमिशनर’ या शब्दावर उभा केलेला डोलारा तर हास्यास्पद आहे. त्या काळी नगरपालिकेच्या सभासदालाच इंग्रजीत म्युनिसिपल कमिशनर म्हणत. मुंबईत 1865 च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड त्याच नावाच्या ज्या पगारी अधिकारपदावर आला, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. आजच्या पालिका आयुक्ताचा रुबाब डोळ्यांसमोर आणून दीडशे वर्षांपूर्वीचा शब्द वाचला, की आजचा नगरसेवक ज्या बाकावर बसतो त्या बाकावरचा माणूस साहेबाचा हाताखालचा अंमलदार होऊन बसतो.

निवडणुकीचा मुद्दा खरा आहे, तो मान्य करतो. 1876 पासून पुढची काही वर्षे जोतीराव सभासद होते ते सरकारी नेमणुकीने. पण हे सांगताना, पुण्यात तेव्हा सभासद नेमलेच जात आणि स्थानिक स्वराज्याचा व्हाइसरॉय रिपनचा ठराव 1882 चा आहे, एवढे तरी सांगायला हवे होते. जी निवडणूक शहरात झालीच नव्हती, तीत ते उभे राहिले नाहीत, हा आरोप कसा होतो?

आता लिटन. चरित्रग्रंथांत येणारी हकिकत अशी, की व्हाइसरॉयच्या पुणेभेटीसाठी हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला, तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा असे जोतीरावांनी सुचवले आणि बत्तीस सभासदांत त्यांचे एकट्याचे मत विरोधात पडले. ही भेट नोव्हेंबर 1880 मधली म्हणून सांगितली जाते. लिटन त्याच वर्षीच्या जूनमध्ये पदावरून उतरला होता, तेव्हा ही तारीख जुळत नाही, हे मजकूर लिहिणाऱ्याने बरोबर पकडले आहे. नाइलाजाने का होईना, ते श्रेय त्याला देतो. मात्र तारीख चुकली एवढ्यावरून प्रसंगच बनावट ठरवणे ही घाई झाली. आणि वादापुरता तो प्रसंग बाजूला ठेवला तरी ‘अवाक्षर काढले नाही’ हे म्हणणे क्षणभरही टिकत नाही.

कारण 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, ते छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि ज्याला वाचायचे आहे त्याला वाचता येते. त्याखाली 19 ऑक्टोबर 1882 ही तारीख आहे, पत्ता पुण्याच्या जुन्या गंज पेठेतला आहे, आणि स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी लिहिली आहे. म्हणजे मामांच्या मजकुराला ज्या शब्दात गुलामी दिसली, त्याच शब्दाखाली सही करून या गृहस्थांनी सरकारचे वाभाडे काढले आहेत. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. महार, मांग आदी जातींची पाच हजारांहून अधिक वस्ती असलेल्या पुण्यात त्यांच्यासाठी एकच शाळा असून तिच्यात तीस मुलेही येत नाहीत, आणि हे शिक्षणखात्याला मुळीच भूषणावह नाही, असे बजावले आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, आणि तो शक्यतो शेतकरी वर्गातला, वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा असावा, इतक्या बारकाव्याने मागण्या केल्या आहेत. याला हांजी हांजी म्हणायचे असेल तर मराठीतल्या त्या शब्दाचा अर्थ आधी बदलून घ्यावा लागेल. शहरातली दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा 1880 मध्ये त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती, हेही जाता जाता नोंदवतो. दारूवरच्या अबकारी कराचे उत्पन्न सरकारच्याच तिजोरीत जात होते, हे सांगायला नको.

ठेक्यांविषयी फार लिहीत नाही. जोतीराव बांधकामाचे ठेके घेत, हे कोणी कधी लपवलेले नाही. पण सभासदत्वाचा गैरफायदा घेतला म्हणणाऱ्या मजकुरात एका ठेक्याचे नाव नाही, वर्ष नाही, रक्कम नाही.

राहिली मंडई. 1886 मध्ये ती उघडली तेव्हा तिचे नाव गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट होते. महात्मा फुल्यांचे नाव तिला पुढच्या शतकात, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्यांच्या पुढाकाराने मिळाले. आणि जी त्यांनी बांधली म्हणून सांगतात, त्या मंडईवर एवढा पैसा घालण्याला विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांत हरी रावजी चिपळूणकरांबरोबर खुद्द जोतीराव होते. भाचीने वहीतला बाकीचा मजकूर खोडला आहे. मंडईचे वाक्य तेवढे तिने ‘बांधली’च्या जागी ‘विरोध केला’ असे करून ठेवून घेतले.