पिकअपचं नाक वर करताना

भाऊ, नवीन पिकअप घेतली, अभिनंदन. आता जरा धुऱ्यावर जा अन् तिला बाजूने बघा. मागून उंच, पुढून दबलेली, निंदायला वाकलेल्या माणसासारखी. एवढ्या पैशाची गाडी अशी वाकून उभी राहिलेली शोभते का? कंपनीने मुद्दाम असं का केलं असावं, हा प्रश्न मनात येऊच देऊ नका. दोन इंचांची लेव्हल किट आणा, पुढच्या शॉकअपवर स्पेसर, म्हणजे जाड चकती, चढवा. गाडी सरळ, मान ताठ.

किट बसली की पुढच्या मडगार्डात कोंबडी अंडी घालायला बसेल एवढी पोकळी दिसू लागते. ती भरणं हे तुमचं पुढचं कर्तव्य. टोयोटाच्या हायलक्सवर कंपनीचा टायर 265/65 आर 17 असेल, म्हणजे रुंदी 265 मिलिमीटर, रबराच्या एका बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, डिस्क, म्हणजे टायर चढतो तो रिम, 17 इंची. चौकातल्या पोरांना विचारून तुम्ही 285/70 घ्याल. टायरची एकूण उंची 776 मिलिमीटरवरून 831 वर जाते. साडेपाच सेंटिमीटरची वाढ! त्यातली निम्मीच जमिनीपासूनच्या उंचीत मिळते, बाकीची निम्मी वर मडगार्डात शिरते. स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतली की आतलं प्लास्टिक घासल्याचा आवाज येईल. घाबरू नका, कारागिराजवळ कटर असतोच. आधी प्लास्टिक कापतो, मग पत्रा ठोकतो, मग चहा मागवतो.

मोठ्या टायरचा आणखी एक फायदा दुकानदार सांगत नाही. चाकाचा घेर सात टक्के वाढला, पण मीटरला ते कोणी कळवलेलं नाही. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी हिशेबाने 85 च्या वर असते. समृद्धीवरच्या कॅमेऱ्याला मात्र तुमचा काटा दिसत नाही. उलट किलोमीटर कमी पडतात, म्हणजे विकताना गाडी कमी चाललेली. सर्व्हिसिंगही उशिरा आठवते. गाडीचा जोर आणि ॲव्हरेज तेवढा जरा बसतो. बसू द्या.

आता डिस्क. इथे घाई करू नका, कारण इथेच खरी मौज आहे. हायलक्स असो की इसुझूची व्ही-क्रॉस, नटाची सहा भोकं आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास 139.7 मिलिमीटर, दोघींचं गणित एकच. हबवर, म्हणजे आसाच्या टोकावर, बसणारं मधलं मोठं भोक मात्र दोघींचं वेगळं. दुकानदार म्हणेल, “बसते न भाऊ, कायले टेन्शन घेता?” बसतेच. पण नट आवळून बसणं वेगळं आणि हबवर बरोबर मध्यावर बसणं वेगळं. हा फरक नव्वदच्या वेगात कळतो, स्टिअरिंगला हिवताप भरतो तेव्हा.

चाक किती आत किंवा बाहेर बसणार हे सांगणारा ऑफसेट नावाचा एक आकडा डिस्कच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. तो वाचू नका. +30 च्या जागी त्याच रुंदीची -10 ची डिस्क लावली की चाक 40 मिलिमीटर बाहेर येतं. हेच तर हवं होतं! छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते. मग बेअरिंगवर ताण वाढतो, बंडीच्या चाकोरीत स्टिअरिंग हातातून हिसका मारतं आणि पांदणीतला सगळा चिखल दारांवरून काचेपर्यंत जातो. लोकांना निदान कळतं की गाडी शेतात गेली होती.

नक्षी कोणती घ्यावी? अर्थातच मड टेरेन. खारपाणपट्ट्यातली काळी माती पावसात फुगते आणि चपलेला अशी धरते की माणूस चार बोटं उंच होतो. मड टायरच्या रुंद खाचा चिखल फेकण्यासाठी असतात हे खरं, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं, आणि पांदणीत जोर करायला जागा कुठे असते? वीस-पंचवीस पावलांत खाचा भरतात, टायरचा रोडगा होतो आणि मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येतो. (2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. आमच्या पांदणीने अजून कोणत्याच विक्रमासाठी अर्ज केलेला नाही.) उरलेले आठ महिने तेच टायर डांबरावर असे गुणगुणतात की जिनिंगमध्ये बसून फोनवर बोलल्यासारखं वाटतं.

स्टेपनी जुनीच राहू द्या. पाचवा टायर घ्यायला पैसे कोणाजवळ आहेत?

पैशावरून आठवलं. समजा सगळं मिळून दीड लाख झाले. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, म्हणजे साडेअठरा क्विंटल. कोरडवाहूत चारेक एकरांचा कापूस चाकांना गुंडाळला समजा.

कायद्याचं फार मनावर घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीवरच्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करू नये. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. 182अ मध्ये नियमबाह्य बदलाला पाच हजार दंड आहे, तोही दर बदलामागे, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे हौस मोजून करा.

हेडलाइट तेवढे खाली घ्यायचे राहतात. किट बसवणारा विसरतो, तुम्हीही विसरा. पुढून दोन इंच वर गेलेला उजेड समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत बसतो. तो डिपर मारतो, तुम्हाला वाटतं गाडीला सलाम केला.

आणि चुकूनही हौद्यात माल भरू नका. आमचे आबाजी बंडी भरताना पोत्यांची जागा चार वेळा बदलायचे. वजन मागे गेलं की बंडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. मी किट बसवून आणली तेव्हा ते ओसरीवरून बराच वेळ पाहत बसले, मग म्हणाले, “रिकामीच उलाळ झाली का रे?” मी हसलो. त्या हंगामात दहा पोती तूर टाकली. मागचे स्प्रिंगचे पाटे दबले, नाक आभाळाकडे गेलं आणि स्टिअरिंग इतकं हलकं झालं की वळणावर मी गाडीला विनंती करत होतो. तेव्हापासून ती तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलासारखी आहे. चाकं आहेत, बेगड आहे, गळ्यात माळ आहे. ओढत काही नाही.

कापूस आता शेजाऱ्याच्या जुन्या पिकअपमध्ये जातो, भाड्याने. मागे मी माझी घेऊन. खरेदी केंद्रावर वजनकाट्याच्या रांगेत त्याच्यामागे उभा होतो, तेव्हा सहज बाजूने पाहिलं. कंपनीच्या टायरवर, कंपनीच्या पाट्यांवर, हौदाभर कापूस घेऊन त्याची गाडी सुतात धरल्यासारखी लेव्हल उभी होती.