बोर्ड आधी की अंतर आधी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

महोदय,

शाळेच्या निवडीवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी सावकाश वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. बिऱ्हाड नव्या शहरात हलवताना शाळा आधी घरापासूनच्या अंतरावर पारखावी, बोर्डाचा विचार त्यानंतर करावा, आणि मूल आतापर्यंत ज्या भाषेतून शिकले ती भाषा एकाएकी तोडू नये, असे मी त्या लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. बदलीची नोकरी असणाऱ्यांना बोर्ड आधी पाहण्यावाचून गत्यंतर नसते, हा पहिला. सेमी-इंग्रजीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकवणाऱ्या शाळांची, शिफारस मी मराठीवरच्या भाबड्या प्रेमापोटी केली आणि त्यात मुलांचे नुकसान आहे, हा दुसरा. शाळेजवळ घर घेणे ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच हा लेख आहे, हा तिसरा. शेवटी आपण स्वतःची अडचणही मांडली आहे: येत्या मे महिन्यात नागपूरहून पुण्याला यायचे आहे, मुलगा सीबीएसईच्या शाळेतून नववीत जाईल आणि मुलगी दुसरीत.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तो मला पूर्ण मान्य आहे. ‘शाळा ठरवा आणि मग तिच्या जवळ घर पाहा’ हे वाक्य मी लिहिले तेव्हा भाड्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि तो यायला हवा होता. पुण्यात भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. घरमालकाने पुढे नकार दिला किंवा भाडे वाढवले, तर शाळेच्या दारातले घर सोडून तीन-चार किलोमीटर लांब जावे लागते, आणि शाळा मात्र दहावीपर्यंतची म्हणून निवडलेली असते. शिवाय घरातील एकाची नोकरी हिंजवडीला आणि दुसऱ्याची हडपसरला असेल, तर कोणत्याही शाळेजवळ घर घेतले तरी कोणा एकाला रोज शहर ओलांडावे लागणारच. म्हणून ते वाक्य मी आता असे दुरुस्त करते: एका शाळेच्या जवळचे घर शोधण्याऐवजी, जिथे आपल्याला पसंत पडतील अशा किमान दोन-तीन शाळा आसपास आहेत असा भाग शोधावा, म्हणजे घर बदलावे लागले तरी त्याच भागात राहता येते आणि एका शाळेत जमले नाही तरी दुसरी हाताशी असते. मात्र अंतर कोणीतरी सोसायचेच असेल, तर ते मोठ्यांनी सोसावे, हे माझे मत कायम आहे. आई किंवा वडील उशिरा घरी पोहोचल्याने मुलाचेही काही हरवते, हे मला कळते; तरीही आठ-नऊ वर्षांच्या मुलाने रोज दोन तास बसमध्ये काढण्यापेक्षा ते बरे.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. मे २०२२ मध्ये आम्ही सोलापूरहून पुण्याला आलो तेव्हा मुलगी चौथीत जाणार होती. सगळ्यांनी नावाजलेली, सीबीएसईची, घरापासून अकरा किलोमीटरवरची शाळा आम्ही निवडली. ती शाळा वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण आमचे घर बसच्या मार्गाच्या टोकाला होते, त्यामुळे सकाळी सहा वीसला बसमध्ये पहिली चढणारी आणि दुपारी शेवटची उतरणारी मुलगी आमचीच. पहाटे साडेपाचला उठायचे म्हणून रात्री नऊला झोपायचे, आणि संध्याकाळी सोसायटीतली मुले खेळायला उतरत तेव्हा ही डोळे चोळत गृहपाठ करत असे. सोसायटीतल्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि तिच्या वर्गातल्या मुलांची घरे शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे सहा महिने झाले तरी जिच्या घरी सहज जाऊन बसावे अशी एकही मैत्रीण तिला मिळाली नाही. दिवाळीच्या सुटीनंतर तिने मला विचारले, “आई, सोलापूरच्या वर्गात माझी जागा अजून रिकामी असेल का गं?” शाळेच्या निकालावरून, इमारतीवरून आणि बोर्डावरून घेतलेला आमचा निर्णय तिला किती जड गेला, ते मला त्या प्रश्नाने कळले.

अंतराचा आग्रह हा केवळ एका आईचा हळवेपणा आहे, असे आपण सूचित केले आहे. पण अंतराचा विचार कायद्यानेही केला आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यात ‘जवळची शाळा’ ही कल्पना मुळापासून आहे, आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत ते अंतर पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे धरले आहे. मुलांच्या झोपेचा प्रश्न राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे मांडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा शासन निर्णय निघाला. आमच्या मुलीच्या वेळी तो नव्हता. पण शाळा नऊला भरत असली तरी लांबून येणाऱ्या बसला पुण्याच्या रहदारीतला सगळ्यात वाईट वेळ वाट्याला येतो, त्यामुळे शाळा पाहायला जाताना ती किती वाजता भरते याइतकेच, आपल्या थांब्यावर बस किती वाजता येईल आणि आपला थांबा मार्गावर कितवा आहे, हे विचारायलाच हवे. प्रवेशाच्या घाईत हा प्रश्न मीही विचारला नव्हता.

आता सेमी-इंग्रजीविषयी. आपण ‘भाबडे प्रेम’ हा शब्द वापरला आहे. मराठीवर माझे प्रेम आहे, आणि ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही. पण शिफारस त्यापोटी केलेली नव्हती. माझी मुलगी तिसरीपर्यंत मराठीतून शिकली होती आणि गणित इंग्रजीतून करत होती. चौथीला एकदम सगळे विषय इंग्रजीतून आले, तेव्हा गणितात तिला काही अडचण आली नाही; अडचण आली ती परिसर अभ्यासात. पाणी कुठून येते, गावाचे शहर कसे होते, झाडाची मुळे काय काम करतात, हे सगळे तिला ठाऊक होते आणि विचारले तर ती भरभरून सांगत असे, पण कागदावर दोन मोडकी वाक्ये उतरत. शिक्षकांना दिसत होती ती ही दोन वाक्ये. ‘हिला विषय समजत नाही’ असा शेरा आला, आणि काही महिन्यांत तिला स्वतःलाही तसेच वाटू लागले. आणखी एक गोष्ट लहान आहे, पण आमच्या घरात ती मोठी झाली. राज्याच्या अभ्यासक्रमात चौथीचे वर्ष म्हणजे शिवछत्रपतींच्या इतिहासाचे वर्ष. मामेभावाचे ते पुस्तक तिने दुसरीतच वाचायला घेतले होते आणि आपल्याला ते शाळेत कधी शिकवतील याची ती वाट पाहत होती. बोर्ड बदलले आणि तिचे ते वर्ष आलेच नाही. मोठ्यांच्या लेखी हा केवळ अभ्यासक्रमातला फरक असतो.

जून २०२३ मध्ये आम्ही तिला घरापासून दीड किलोमीटरवरच्या सेमी-इंग्रजी शाळेत पाचवीला घातले. आपण म्हणता त्याप्रमाणे हे मागे जाणे होते का, याचा मी खूप विचार केला. आपल्याकडे अनेक प्राथमिक शाळा चौथीला संपतात आणि माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, त्यामुळे पाचवीचा वर्ग पुष्कळ ठिकाणी नव्याने भरतो. निम्म्याहून अधिक वर्ग नवखा होता, म्हणून ती एकटी ‘नवीन मुलगी’ राहिली नाही. हिंदीही तिथे पाचवीपासूनच सुरू होत होती. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून, अशा मांडणीत तिची गाडी रुळावर यायला साधारण एक सहामाही लागली. त्याच वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आणि तीत उत्तीर्ण होणे पुढच्या वर्गासाठी आवश्यक ठरले, त्याची धास्ती आम्हाला होती. ती परीक्षा ती नीट उत्तीर्ण झाली. याचा अर्थ प्रत्येक मुलाला सेमी-इंग्रजीच घालावे असा मी काढत नाही. जे मूल पहिल्यापासून इंग्रजीतून शिकले आहे, त्याला नव्या शहरात आल्यावर मराठी माध्यमात आणणे हीसुद्धा तशीच तोडफोड होईल, आणि तेही मी सुचवणार नाही.

राहिला आपला पहिला आक्षेप. त्यातील अर्धा भाग मला मान्य आहे आणि अर्धा नाही. ज्यांची दर तीन वर्षांनी राज्याबाहेर बदली होते, त्यांच्या मुलांना एकच बोर्ड लागते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या याच अडचणीसाठी १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली आणि आज देशभरात अशी बाराशेहून अधिक विद्यालये आहेत. अशा कुटुंबांसाठी लेखात एक स्वतंत्र परिच्छेद असायला हवा होता. परंतु माझ्या लेखाचे बहुतेक वाचक एकदाच गाव सोडून शहरात येणारे आहेत, आणि प्राथमिक वर्गांत बोर्डाबोर्डांतला फरक घरी बसून भरून काढता येण्याजोगा असतो. मुलाची झोप, खेळ आणि मैत्री मात्र आई-वडिलांना घरी शिकवणी घेऊन देता येत नाही.

बोर्ड आधी पाहणाऱ्यांनी ते नीट पाहावे, एवढी मात्र विनंती आहे. पुण्याच्या वाढत्या उपनगरांत ‘सीबीएसई पॅटर्न’ अशी पाटी अनेक शाळांवर दिसते. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. शाळेला बोर्डाची संलग्नता आहे का, असल्यास ती आठवीपर्यंत आहे की दहावीपर्यंत, संलग्नता क्रमांक कोणता आणि यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेला मिळणारा अकरा अंकी सरकारी क्रमांक) कोणता, हे शाळेच्या कार्यालयात विचारून सीबीएसईच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावे. शुल्काचेही तसेच आहे: राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावे लागते, तेव्हा मान्य झालेले शुल्कपत्रक मागण्यात संकोच करू नये.

आता आपल्या दोन मुलांविषयी, कारण इथे आपले आणि माझे म्हणणे एकाच घरात दोन्ही बाजूंनी खरे ठरते. मुलाच्या बाबतीत बोर्ड आधी, यात मला शंका नाही. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते, नववीत घेतलेले विषय दहावीत पुढे न्यावे लागतात, आणि थेट दहावीत प्रवेश काही ठराविक कारणांखेरीज मिळत नाही. म्हणून या टप्प्यावर बोर्ड बदलू नका. त्याची दुसरी भाषा कोणती आहे, हे लक्षात ठेवून नव्या शाळेत नववीला तीच भाषा शिकवली जाते का, ते पहिल्याच भेटीत विचारा. संस्कृत घेतलेल्या मुलाला दुसरीकडे केवळ हिंदीचा पर्याय मिळाला, तर ती ओढाताण दोन वर्षे पुरते. सीबीएसईचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, त्यामुळे मे महिन्यात येऊन प्रवेश शोधला तर एक महिना बुडालेला असेल आणि जागाही भरलेल्या असतील. डिसेंबर-जानेवारीत एक फेरी पुण्याला करणे योग्य होईल. पंधरा वर्षांचा मुलगा पाऊण तासाचा प्रवास सोसू शकतो.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. भावाच्याच शाळेत तिला घालण्याचा मोह होईल, कारण एकच बस, एकच गणवेशाचे दुकान आणि एकच पालकसभा. पण ती शाळा लांब असेल, तर मुलीला घराजवळच्या शाळेतच घाला, असे मी आग्रहाने सांगेन. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, तेव्हा तिच्यासाठी आपल्याकडे महिनाभराचा अवधीही आहे. दुसरीच्या प्रवेशासाठी तिची परीक्षा किंवा आपली मुलाखत घेणे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ने मना केले आहे, आणि पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा कायदा लागू नाही. शाळा पाहायला गेलात की मुख्याध्यापकांच्या खोलीतून निघून शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभे राहा. किती मुले पायी घरी जातात आणि ती कोणाबरोबर जातात, हे तिथे दिसते.

एक गोष्ट लेखात राहून गेली होती. नागपूर सोडण्यापूर्वी दोन्ही मुलांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधील (शाळेच्या मूळ प्रवेश-नोंदवहीतील) नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद स्वतः डोळ्यांखालून घाला, आणि चूक असल्यास शाळा सोडल्याचा दाखला निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या. दाखला निघाल्यावर मूळ नोंद बदलणे फार अवघड जाते, आणि पुढे जात पडताळणीपर्यंत तोच कागद पुरावा म्हणून मागितला जातो. आमच्या मुलीच्या दाखल्यावर माझ्या नावात एक अक्षर चुकले होते, आणि त्यासाठी मला पुण्याहून सोलापूरला दोनदा जावे लागले.