हॅम्लेटच्या अभ्यासकाने तलवार का धरावी

सध्या एक मत खूप शेअर होतंय. शेक्सपिअरकालीन नाटकांतली तलवारबाजी ही प्रेक्षकांची निव्वळ करमणूक होती, नाटकाचा अभ्यास शब्दांचा असतो, त्यामुळे अभ्यासकांना सोळाव्या शतकातली तलवारबाजी शिकवणं ही हौस आहे. आणि शिकवायचीच तर आजचं ऑलिम्पिक फेन्सिंग पुरे. मला यातलं काहीच पटत नाही.

आधी करमणुकीबद्दल. तो प्रेक्षक जाणकार होता. लंडनच्या तलवारमास्तरांच्या परीक्षा लोकांसमोर व्हायच्या, त्याही नाटकं व्हायची त्याच थिएटरांत आणि सरायांच्या अंगणांत. रिचर्ड टार्लटन हा त्या काळचा लाडका विनोदी नट १५८७ मध्ये स्वतः तलवारमास्तर ठरला. चुकीचा पवित्रा या लोकांच्या नजरेतून सुटला नसता.

‘शब्दांचा अभ्यास’ म्हणाल, तर शब्दच तलवारीचे आहेत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये रोमिओचा मित्र मर्क्युशिओ शत्रुपक्षातल्या टिबाल्टची टिंगल करताना ‘पासादो’, ‘पुन्तो रिव्हर्सो’ म्हणतो. पासादो म्हणजे पाऊल पुढे टाकत भोसकणं, पुन्तो रिव्हर्सो म्हणजे आपल्या डावीकडून उलटा घुसवलेला वार. व्हिन्सेंतिओ साव्हिओलोने १५९५ मध्ये लंडनमध्ये इटालियन पद्धतीचं पुस्तक छापलं आणि १५९९ मध्ये जॉर्ज सिल्व्हर हा इंग्रज तलवारबाज अशा इटालियन मास्तरांवर तुटून पडला. मर्क्युशिओचा राग याच वादातला आहे.

पण माझा खरा मुद्दा हॅम्लेटच्या शेवटच्या लढतीचा. तिथे प्रतिस्पर्धी लेअर्टिसच्या तलवारीला विष लावलेलं असतं, आणि झटापटीत ती हॅम्लेटच्या हाती येते. १६०४-०५ च्या छापील प्रतीत लढतीसाठी बोथट तलवारींसोबत खंजीर आणले जातात. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या छापील संग्रहात, खंजिरांच्या जागी हातमोजे आहेत. कागदावर हा किरकोळ पाठभेद वाटतो. डाव्या हातात खंजीर धरून समोरच्याची तलवार हिसकावून पाहा, बोटं मोकळीच नसतात. जाड हातमोजा घाला, की तोच हात समोरच्याची मूठ पकडू शकतो. सँ-दिदिएच्या १५७३ च्या फ्रेंच ग्रंथात अशी हिसकाहिसकी चित्रांसह शिकवली आहे, आणि तिच्यात दोघांच्या तलवारी बदलतात. म्हणजे विषारी तलवार हॅम्लेटच्या हाती येणं हा योगायोग नसून शिकलेला डाव असू शकतो. तसं मानलं तर हॅम्लेटच्या मनात त्या क्षणी काय चाललंय याचा अर्थच बदलतो. माझ्या मते पाठभेदाच्या तळटिपेइतकंच हे महत्त्वाचं आहे.

ऑलिम्पिक फेन्सिंगबद्दल थोडक्यात: अरुंद पट्टीवर पुढे-मागे सरकायचं, डावा हात रिकामा, एपे ही खेळातली तलवार जास्तीत जास्त ७७० ग्रॅमची. रेपिअर, म्हणजे त्या काळची भोसकायची तलवार, साधारण एक किलोची किंवा त्याहून जड, पातं लांब, आणि लढणारे एकमेकांभोवती फिरतात. खेळ उत्तम आहे, पण त्यातून टिबाल्ट समजणार नाही.

अभ्यासकाने पट्टीचा तलवारबाज व्हावं, असं मी म्हणत नाही. मुखवटे घालून, बोथट रेपिअर घेऊन तिघांनी टिबाल्ट मर्क्युशिओला भोसकतो तो प्रसंग सावकाश करून पाहावा. रोमिओ मध्ये पडतो, हात आडवा करतो, आणि त्या हाताखालून टिबाल्टचं पातं कधी आलं ते मर्क्युशिओच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला दिसतच नाही.